सूर आपला, कान त्यांचा



  

मी पशुवैद्य आहे आणि पेटी वाजवतो. या दोन्ही गोष्टी गावात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे गोठ्यातलं काम आटोपून हात धुवायला लागलो की घरातलं कुणी ना कुणी विचारतं, ‘डॉक्टर, नात कॅसिओवर बसली की आमचा कुत्रा हेल काढून रडायला लागतो. त्याला गाणं आवडतं म्हणायचं, की त्याचे कान दुखतात?’ कुणी सांगतं, भजनाची पेटी उघडली की मांजर नेमकी येऊन शेजारी बसते. कुणाची गाय रेडिओ लागल्याशिवाय पान्हा सोडत नाही. या सगळ्यांना वाटेत उभ्या उभ्या दिलेली उत्तरं अपुरी असतात. आज सविस्तर बोलायची संधी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपण वाजवायला बसतो तेव्हा घरातलं जनावर तीन गोष्टी ऐकतं. पहिली, तो आवाज – किती उंच, किती मोठा, किती अचानक. दुसरी, तो आवाज करणारं आपलं माणूस. तिसरी, त्या आवाजानंतर घरात नेहमी काय घडतं, म्हणजे सवय. आपण मात्र त्याच्या नावावर चौथीच गोष्ट मांडतो. त्याला अमुक राग आवडतो, तमुक गाणं आवडतं, असं म्हणतो. त्या तीन गोष्टी वेगळ्या करून बघितल्याशिवाय जनावराला काय वाटतं ते कळणार नाही. आणि ते कळून घेणं आपलं कर्तव्य आहे, कारण घरात कोणता आवाज व्हावा हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही, तो फक्त आपल्याला आहे.

मी पियानोविषयीही बोलणार आहे आणि राजापुरात पियानो असलेलं घर शोधावं लागेल, हे मला माहीत आहे. मुंबईत पारशी, गोवेकर आणि ईस्ट इंडियन घरांमध्ये पियानो रुळला. आपल्याकडे त्याच्यासारख्याच पट्ट्यांचं, पण वेगळ्या घराण्याचं वाद्य आलं, ते म्हणजे पेटी. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्मोनिअमचं पेटंट घेतलं. ते पायाने भाता मारायचं वाद्य होतं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास त्याला हाताच्या भात्याचं, मांडी घालून वाजवायचं रूप दिलं आणि ते घराघरांत, देवळादेवळांत पोचलं. संगीत नाटकाने ऑर्गन आणि पेटी दोन्ही आपलीशी केली. आपल्याच जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात जन्मलेल्या गोविंदराव पटवर्धनांनी या वाद्यांना किती उंचीवर नेलं, ते इथल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. डबलबारीच्या भजनात बुवांचा हात आजही पेटीवरच असतो. आणि आता मुलांच्या हाती इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला आहे. कंपनी कोणतीही असो, त्याला आपण कॅसिओच म्हणतो. त्यातला पहिला आवाज बहुधा पियानोचाच असतो. म्हणजे पियानो राजापुरात आलेला आहे, फक्त लाकडाच्या अंगाने नाही.

पियानो आणि पेटी या दोघांत जनावराच्या दृष्टीने एक मोठा फरक आहे. पियानोची पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर आदळते. आवाज एकदम उमटतो, त्या क्षणी सगळ्यात मोठा असतो आणि मग विरत जातो. पेटीत भात्याची हवा पितळेच्या सुराला थरथरवते. जोवर भाता चालू आहे आणि बोट पट्टीवर आहे, तोवर स्वर टिकतो. पियानोच्या स्वराला आघात आहे, पेटीच्या स्वराला लांबी आहे. कानांना दचकवतो तो आघात. कुत्र्याला हेल काढायला लावते ती लांबी. बऱ्याच घरगुती कोड्यांची उकल इथेच होते.

आता कानांकडे वळू. निरोगी तरुण माणसाला सेकंदाला साधारण २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. अमेरिकेतल्या रिकी आणि हेन्री हेफ्नर या शास्त्रज्ञ दांपत्याने १९८०च्या दशकात पाळीव जनावरांच्या श्रवणाची मापं घेतली. कुत्र्याचा पल्ला साधारण ६७ ते ४५,००० कंपनांचा निघाला. मांजराचा ४८ ते ८५,००० आणि गाईचा २३ ते ३५,००० कंपनांचा. पूर्ण पियानोवर ८८ पट्ट्या असतात. डाव्या टोकाची पट्टी २७.५ कंपनांची आणि उजव्या टोकाची ४,१८६ कंपनांची.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवा म्हणजे त्यांचा अर्थ लागतो. पियानोची सगळ्यात खर्जातली पट्टी तिच्या मूळ स्वरासकट ऐकू शकेल अशी आपल्या घरात दोनच ऐकणारी आहेत – माणूस आणि गाय. कुत्र्यामांजरांना त्या पट्टीचा मूळ स्वर पोचत नाही, त्याच्या वरचे उपस्वर तेवढे पोचतात. उलट वरच्या बाजूला आपण २०,००० कंपनांवर थांबतो आणि मांजर त्याच्या चौपट उंचीपर्यंत ऐकत असते. प्रत्येक वाद्याच्या मूळ स्वरावर उपस्वरांची रास उभी असते. पेटीत ती विशेष दाट असते, म्हणून तर पेटीचा आवाज भजनाच्या टाळ-पखवाजातूनही वर निघतो. ती रास आपल्याला जिथे संपल्यासारखी वाटते, तिच्यापुढेही मांजराच्या कानाला काही शिल्लक असू शकतं. शेजारी बसून आपण आणि मांजर एकच गाणं ऐकत असतो, पण दोघांना ऐकू येणारा आवाज एक नसतो.

मोबाइलवरचं गाणं म्हणजे तर आणखी तिसरीच गोष्ट. आपण ऐकतो ती ध्वनिमुद्रणं माणसाच्या कानाच्या मापाने बेतलेली असतात. आपल्याला न ऐकू येणारा वरचा भाग त्यांत ठेवलेलाच नसतो, आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जही निघत नाही. त्यामुळे फोनवरच्या पियानोकडे ढुंकून न बघणारं मांजर खऱ्या वाद्यापाशी कान टवकारून उभं राहिलं, तर त्यात नवल नाही.

कुत्र्याचं आधी घेऊ, कारण सर्वांत जास्त प्रश्न त्याचेच येतात. देवळात आरतीला शंख वाजला की बाहेरचं कुत्रं मान वर करून हेल काढतं. याचे आपल्याकडे दोन अर्थ लावले जातात. देवळापाशी असेल तर भक्ती, आणि रात्री घरापाशी असेल तर अपशकुन. दोन्ही अर्थ माणसाचे आहेत. कुत्र्याचं कूळ लांडग्याचं. लांडग्यांच्या कळपात एकाने लांब हेल काढला की बाकीचे त्यात सामील होतात. लांबवर पांगलेल्यांना जागा कळते आणि कळप आपली हजेरी लावतो. गंमत अशी, की सामील होणारे सगळे एकाच स्वरावर थांबत नाहीत, प्रत्येक जण आपला स्वर थोडा वेगळा धरतो. शंख, भोंगा, व्हायोलिन, पेटीवर धरून ठेवलेला षड्ज या सगळ्यांत तोच गुण आहे – लांब, एकसंध, हळूहळू चढणारा किंवा टिकणारा स्वर. कुत्र्याच्या आत दडलेली जुनी हाक त्या स्वराला ओ देते. पियानोचा स्वर चटकन विरतो, म्हणून पियानोला ओ देणारे कुत्रे माझ्या पाहण्यात पेटीपेक्षा कमी आहेत.

मग विव्हळणाऱ्या कुत्र्याला त्रास होतो की नाही? याचं उत्तर त्याच्या तोंडाकडे न बघता बाकीच्या अंगाकडे बघून द्यायचं. मान वर, शरीर सैल, शेपूट मोकळी, गाणं थांबलं की तोही थांबतो आणि तिथेच बसून राहतो – असं असेल तर तो सामील झाला आहे. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाशी, भूक नसताना जिभेने ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, उकाडा नसताना धाप, अंगाला कंप, नाहीतर उठून दाराकडे जाणं – यातलं काही दिसलं की वाजवणं थांबवायचं. ही लक्षणं घरातल्या लहान मुलांनाही शिकवता येतात आणि शिकवलीच पाहिजेत.

कुत्र्यांवर अभ्यासही झाले आहेत. बेलफास्टमध्ये डेबोरा वेल्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली निवाऱ्यातल्या ५० कुत्र्यांना वेगवेगळे आवाज ऐकवले. पाश्चात्त्य अभिजात संगीत लागलं असता कुत्रे जास्त वेळ पडून राहिले आणि गप्प राहिले. हेवी मेटल लागलं असता भुंकणं वाढलं. माणसांच्या बोलण्याने आणि पॉप संगीताने विशेष फरक पडला नाही. अमेरिकेत लोरी कोगन यांनी २०१२ साली ११७ कुत्र्यांवर असाच अभ्यास केला. त्यात अभिजात संगीताने झोप वाढली आणि हेवी मेटलने अंगाचा कंप वाढला. यावरून ‘कुत्र्याला बेथोव्हेन आवडतो’ असे मथळे छापले गेले. पण स्कॉटलंडमधला पुढचा अभ्यास जास्त महत्त्वाचा आहे. तिथे असं दिसलं, की शांत करणाऱ्या संगीताचा परिणाम थोड्याच दिवसांत ओसरतो, कारण कुत्र्यांना त्याची सवय होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुढच्या कामात संगीताचे प्रकार आलटूनपालटून लावून बघितले गेले. म्हणजे गुण एका विशिष्ट संगीतकारात नव्हता. आवाज संथ, मध्यम आणि धक्के न देणारा होता, त्यात बदल होता, हे महत्त्वाचं ठरलं.

हेही ध्यानात घ्या, की ते सगळे कुत्रे निवाऱ्यातले होते. त्यांच्याजवळ आपलं म्हणावं असं माणूस नव्हतं. आपल्या ओटीवरच्या कुत्र्याला ते आहे, आणि त्यामुळे सगळा हिशोब बदलतो. जुन्या मंडळींना ‘कुत्रा छाप’ तबकड्या आठवत असतील. ग्रामोफोनच्या कर्ण्यापाशी मान तिरपी करून बसलेला तो कुत्रा खरा होता. त्याचं नाव निपर. १८८४ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये जन्मला. त्याचा मालक वारल्यावर मालकाचा भाऊ फ्रान्सिस बॅरो याने त्याला सांभाळलं आणि निपर गेल्यानंतर त्याचं चित्र काढलं. आधी चित्रात नळकांड्याचा फोनोग्राफ होता. १८९९मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या सांगण्यावरून त्याजागी तबकडीचं यंत्र रंगवलं गेलं. चित्राचं नाव होतं, मालकाचा आवाज. चित्रकाराने कुत्र्याला गाणं ऐकताना दाखवलं नाही, आपलं माणूस ओळखताना दाखवलं. ज्या छापाखाली महाराष्ट्राने बालगंधर्वांना ऐकलं, त्या छापावर कुत्र्याच्या श्रवणाविषयीचं फार मोठं सत्य चितारलेलं होतं. कुत्रा आधी माणूस ऐकतो. तुम्ही पेटीपाशी बसता तेव्हा तुम्ही एका जागी स्थिर असता, हातात मोबाइल नसतो, श्वास संथ चालतो. तो पायाशी येऊन बसतो, याचं पहिलं कारण तुम्ही आहात. ही कमी मोलाची गोष्ट नाही, उलट मला तर ती सर्वांत मोठी दाद वाटते.

मांजराचा स्वभाव निराळा. तिचे कान अर्ध्या वर्तुळात फिरतात, दोन्ही वेगवेगळे फिरतात. मान न हलवता ती आवाजाची जागा धरते, कारण तिचं पोट उंदराच्या बारीक चित्कारावर अवलंबून आहे. मांजर पियानोवर किंवा पेटीवर जाऊन बसते, तेव्हा तिला वाद्य आवडलं असं समजण्याआधी उंची, ऊब आणि मालकाचा वास ही तीन कारणं तपासावीत. अमेरिकेत पियानो शिकवणाऱ्या एका बाईंच्या घरची नोरा नावाची मांजर पंजांनी पट्ट्या दाबायची. २००७ साली तिची चित्रफीत जगभर पाहिली गेली, आणि २००९मध्ये लिथुआनियाच्या मिंदौगास पिएचाइतिस यांनी तिच्या त्या वाजवण्याभोवती वाद्यवृंदाची एक रचना बांधली. ज्या घरात दिवसभर मुलं येऊन पट्ट्या दाबतात आणि शाबासकी मिळवतात, त्या घरात पट्टी दाबली की माणसं वळून बघतात, हे हुशार मांजराला उमगलं तर ते पटण्यासारखं आहे.

मांजरासाठी खास संगीत करून बघितल्याचा २०१५चा अभ्यास मला फार उद्बोधक वाटतो. चार्ल्स स्नोडन आणि चेलोवादक डेव्हिड टाय यांच्या चमूने ४७ पाळीव मांजरांना दोन प्रकारचं संगीत ऐकवलं. एकीकडे बाख आणि फोरे यांच्या रचना, दुसरीकडे मांजराच्या आवाजाच्या पट्टीत बसवलेलं संगीत. त्याची लय मांजराच्या गुरगुरण्याची, मिनिटाला १,३८० ठोक्यांची, किंवा पिलू दूध ओढतं त्या गतीची, मिनिटाला २५० ठोक्यांची होती. मांजरं आपल्या मापाच्या संगीताकडे वळली, स्पीकरला अंग घासू लागली. बाखकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. यात बाखचा अवमान नाही. संगीताची लय मुळात ऐकणाऱ्याच्या देहातून येते. आपली मध्यलय आपल्या चालण्याच्या आणि हृदयाच्या ठोक्यांच्या आसपास असते. मांजराचा देह वेगळा आहे, म्हणून त्याची मध्यलय वेगळी.

आता गोठ्यात येऊ. कोकणातली गाय लहान चणीची, काटक. कोकण कपिला या नावाने तिच्या जातीची नोंद झाली, ती अगदी अलीकडे, २०१८ साली. गाईला संगीत लावलं की दूध वाढतं, असं सगळीकडे ऐकू येतं. त्याचा सर्वांत प्रसिद्ध आधार म्हणजे इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा २००१चा प्रयोग. एक हजार गाई, नऊ आठवडे, दिवसाला बारा तास. मिनिटाला १००पेक्षा कमी ठोक्यांचं संथ संगीत लावलं तेव्हा गाईमागे रोज ०.७३ लिटर, म्हणजे साधारण तीन टक्के दूध वाढलं. जलद संगीताने वाढलं नाही.

हे समजून घ्यायला पान्ह्याचं शरीरशास्त्र माहीत हवं. वासराने ढुसणी दिली किंवा कास धुतली की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात येतं आणि कासेतलं दूध खाली उतरतं. गाय दचकली, घाबरली की अ‍ॅड्रिनलिन येतं आणि ही क्रिया अडते. आपण म्हणतो, गाईने पान्हा चोरला. तिने काही चोरलेलं नसतं, भीतीने तिचं शरीर आवळलेलं असतं. मोठ्या यांत्रिक गोठ्यात लोखंडाचे आदळणारे आवाज, अनोळखी माणसं, यंत्रांची घरघर असते. तिथे संथ संगीत या अचानक आवाजांना झाकून टाकतं. आपल्याकडे दोन गाईंच्या गोठ्यात हे काम नेहमीच्या माणसाचं गुणगुणणं, कासंडीचा आवाज, आंबोणाचा वास करत आले आहेत. रोज धारेच्या वेळी रेडिओ लागत असेल, तर गाईसाठी तो रेडिओ धारेची वर्दी आहे. गाणं बदललं तरी चालेल, वेळ आणि माणूस बदलून चालणार नाही. गाय समाधानी आहे का, हे बघायचं तर तिच्या जबड्याकडे बघा. गाणं चालू असताना ती रवंथ करत असेल, तर तिला त्या आवाजाची भीती नाही.

पक्ष्यांची गोष्ट मात्र कुत्रा, मांजर, गाय या तिघांपेक्षा वेगळी. पक्ष्यांतल्या काही जाती ऐकून आवाज शिकतात. स्नोबॉल नावाचा एक काकाकुवा गाण्याच्या ठोक्यावर नाचतो आणि गाण्याची गती कमीजास्त केली की आपली गतीही बदलतो, हे अनिरुद्ध पटेल आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये दाखवून दिलं. घरातला कुत्रा मालकाबरोबर उड्या मारेल, पण तालाची सम धरणार नाही. मोझार्टने २७ मे १७८४ रोजी एक स्टार्लिंग पक्षी विकत घेतला आणि आपल्या पियानो कॉन्चेर्टोतली एक चाल तो पक्षी थोड्या बदलाने म्हणतो, अशी नोंद वहीत केली. आपल्या परसातली साळुंकी त्याच कुळातली. पण तिच्या किंवा पोपटाच्या हौसेने कुणी पिंजरा आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आपले देशी पक्षी पिंजऱ्यात ठेवू देत नाही. तिला पेटी ऐकवायची असेल तर खिडकी उघडी ठेवा. आली तर येईल.

या पेटीवरून माणसांनी किती वाद घातले! तिच्या ठरावीक स्वरांत श्रुती बसत नाहीत, मींड निघत नाही, म्हणून १९४०मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली, ती याच प्रश्नाचं उत्तर म्हणून. हे प्रश्न आपल्या संगीतासाठी खरे आहेत आणि महत्त्वाचे आहेत. दाराशी बसलेल्या कुत्र्याचे प्रश्न वेगळे आहेत. आवाज किती जवळ आहे? किती अचानक आहे? मला इथून निघता येतं का?

तेव्हा शास्त्रज्ञांवर न थांबता आपण स्वतः बघावं, असा माझा आग्रह आहे, आणि राजापूरकरांना निरीक्षण शिकवण्याची गरज नाही. अधूनमधून जमिनीतून प्रकटणारी आपली गंगा कधी आली, किती दिवस राहिली, कधी गेली, याच्या नोंदी या गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या आहेत. ती साधारण तीन वर्षांनी येते, हे आपण त्या नोंदींच्या जोरावरच सांगू शकतो, आणि अलीकडे तिचं वेळापत्रक बदललं, हेही त्यांच्याच जोरावर. तीच सवय घरातल्या जनावरासाठी वापरा. एक वही करा. चार वेगळ्या वेळी चार गोष्टी करा. एकदा खोलीत नुसती शांतता ठेवा. एकदा वाद्यापाशी बसा, पण वाजवू नका. एकदा हलक्या हाताने वाजवा. आणि एकदा तेच गाणं मुद्रित करून तितक्याच आवाजात लावा, पण तुम्ही खोलीबाहेर रहा. प्रत्येक वेळी दार उघडं ठेवा. कान, शेपूट, श्वास आणि बसण्याची जागा एवढंच लिहा. काही दिवस क्रम बदलून पुन्हा करा.

न वाजवता नुसते बसलात तरी कुत्रा जवळ आला, तर तो तुमच्यासाठी येतो. तुम्ही बाहेर असताना मुद्रित गाण्यालाही त्याने हेल काढला, तर त्याला त्या स्वरातलं काहीतरी हाक मारतं. तुम्ही वाजवताना आणि मुद्रित गाणं लागल्यावरही तो उठून गेला, तर आवाजाचाच त्रास आहे. मग वाद्य दुसऱ्या खोलीत न्या, गालिचा अंथरा, पडदा लावा. लादीच्या जमिनीवर आणि उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज जास्त घुमतो. कीबोर्ड असेल तर मुलांना कानाला लावायचा हेडफोन द्या. आणि जनावर काहीच प्रतिसाद देत नसेल, हाक मारूनही वळत नसेल, तर त्याचे कान तपासून घ्या. म्हाताऱ्या कुत्र्यांना ऐकू येणं कमी होतं, आणि निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत जन्मजात बहिरेपणाचं प्रमाण मोठं असतं.

मी हे वहीचं काम शाळेतल्या मुलांनी करावं म्हणून मुख्याध्यापकांना विनंती करणार आहे. त्यात खर्च नाही, कुणा जनावराला इजा नाही, आणि शास्त्र कसं चालतं ते वर्गाबाहेर शिकायला मिळतं.

शेवटी पियानो आणि पेटीच्या पलीकडे जाऊन एक बोललं पाहिजे. १६५० साली अथानासिउस किर्शर नावाच्या विद्वान पाद्र्याने आपल्या ग्रंथात मांजरांच्या पियानोचं वर्णन केलं. पट्टी दाबली की पेटाऱ्यात कोंडलेल्या मांजराच्या शेपटीला खिळा टोचायचा आणि तिच्या ओरडण्याचं गाणं करायचं. असं यंत्र कुणी प्रत्यक्ष बनवल्याचा पुरावा नाही. पण जनावराच्या वेदनेची करमणूक करण्याची कल्पना माणसाला सुचली होती. विव्हळणाऱ्या कुत्र्यासमोर पुन्हा पुन्हा तोच स्वर वाजवून चित्रफीत काढणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट सांगतो. त्याचं अंग सैल आहे का, ते आधी बघा. नसेल तर फोन बाजूला ठेवा.

आणि हाच न्याय गणपतीत आणि शिमग्यात लावा. आपल्या सणांवर माझं प्रेम आहे. ढोलावर काठी पडली की माझेही पाय थांबत नाहीत. पण त्याच वेळी खळ्यात बांधलेलं जनावर साखळी तोडायला बघत असतं, आणि सणानंतर हरवलेल्या कुत्र्यांचा शोध घेणारे लोक माझ्याकडे येतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. ते नियम माणसाच्या कानासाठी केले आहेत, कुत्र्याचा कान त्याहून तिखट. मिरवणूक किंवा पालखी यायच्या आधी जनावराला माजघरात, भिंतीआड, ओळखीच्या अंथरुणावर न्या. साखळीला बांधून ठेवू नका. सणाच्या काही आठवडे आधीपासून ढोलाचा आवाज अगदी हलका लावून सोबत आवडीचं खाणं द्या आणि आवाज रोज थोडाच वाढवा, म्हणजे भीती कमी होते. फार घाबरणाऱ्या जनावरासाठी औषधं आहेत, ती पशुवैद्याला विचारून आधीच घेऊन ठेवा. फटाके माझ्या मते वस्तीत वाजवूच नयेत.

माणसांचे एवढे प्रश्न समोर असताना कुत्र्यामांजरांच्या कानांची चिंता कशाला, असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं. पट्टी दाबण्याआधी कुत्र्याच्या कानाकडे बघायला शिकलेलं मूल ऐकणाऱ्याची कदर करायला शिकतं, आणि उद्या ते शेजारच्या आजारी माणसाचा, रडणाऱ्या तान्ह्या बाळाचा, अभ्यास करणाऱ्या भावंडाचाही विचार करेल. आपल्या सभागृहातला श्रोता कंटाळला तर उठून जातो. घरातल्या जनावराला आपण बांधतो, कोंडतो, दार लावतो, म्हणून त्याच्यासमोर वाजवणाऱ्याची जबाबदारी मैफलीतल्या कलावंतापेक्षा जास्त आहे. हलक्या हाताने सुरुवात करा, मधेमधे शांतता ठेवा आणि दार उघडं ठेवा. जाण्याची मोकळीक असूनही जे जनावर बसून राहिलं, त्याच्या पसंतीवर आपण खुशाल विश्वास ठेवावा. ती मोकळीक देणं आपल्या हातात आहे आणि ती आजपासून देता येईल, एवढीच माझी आपल्या सर्वांना विनंती आहे.